शाळा त्यांची, पण मर्जी कुणाची? खाजगी शाळा-कॉलेज काढायच्या हक्काची गोष्ट, सोप्या भाषेत

एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर एका शाळेची फीवाढीची नोटीस पडली आणि दरवर्षीप्रमाणे दोन तट झाले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "अहो खाजगी शाळा आहे, त्यांची जागा, त्यांचा पैसा, परवडत नसेल तर दुसरीकडे घाला." त्यावर एका ताईंनी लिहिलं की शिक्षणाचा नुसता बाजार मांडलाय, सरकारने या सगळ्या शाळा ताब्यातच घेतल्या पाहिजेत. दोन्ही मेसेजना सारखेच अंगठे पडले. मी वकील नाही, पण एका वकिलांच्या ऑफिसात बारा वर्षं टायपिंग आणि फायली लावायचं काम केलंय, आणि शिक्षणसंस्थांच्या केसेस इतक्या टाईप केल्यात की काही कलमं झोपेत पण सांगेन. तर घटनेच्या हिशेबाने काका पण चुकतायत आणि ताई पण चुकतायत, आणि का ते सांगायला ग्रुपवर जागा पुरत नाही म्हणून इथे लिहितेय.

हा हक्क मुळात आला कुठून

आपल्याकडे खाजगी शाळा ही काही काल-परवाची गोष्ट नाही. १८४८ ला पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती काही सरकारी नव्हती, १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल टिळक-आगरकर-चिपळूणकरांनी काढलं, १९१९ ला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. म्हणजे घटना लिहिली गेली तेव्हा "लोकांनी शाळा काढायच्या" हे आधीच चालू होतं, त्यामुळे घटनेत "खाजगी शाळा काढण्याचा हक्क" असं सरळ एक कलम सगळ्यांसाठी कुणी लिहिलंच नाही. मग कोर्टांना तो शोधून काढावा लागला.

सापडला तो कलम १९ (१) (छ) मध्ये, वकील लोक ज्याला 'नाईन्टीन वन जी' म्हणतात. त्यात चार शब्द आहेत: पेशा, व्यवसाय, व्यापार आणि धंदा. प्रत्येक नागरिकाला हे करायची मोकळीक. आता शाळा यातल्या कुठल्या शब्दात बसते यावर आपल्या देशात कित्येक वर्षं भांडण चाललं, आणि हसू नका, पण फी किती घ्यायची इथपासून ॲडमिशन कुणाला द्यायची इथपर्यंत सगळं त्या एका शब्दावर अडलेलं होतं. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी एकत्र बसून, टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या केसमध्ये, सांगितलं की शाळा-कॉलेज चालवणं हा व्यवसाय आहे. पण नफेखोरी चालणार नाही. पोटापाण्याचं काम म्हणून करा, मानाने करा, संस्था वाढवायला चार पैसे शिल्लक राहिले तरी चालतील, पण दुकान लावू नका, असा साधारण त्याचा अर्थ.

याशिवाय कलम २६ आहे, धार्मिक संप्रदायांना धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी संस्था काढायचा हक्क देणारं. आणि कलम ३० आहे, धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्याक असणाऱ्यांसाठी. त्यावर खाली येतेच, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त वाफ त्याच्यावरच निघते.

खानावळीचं गणित

आता हे डोक्यात बसावं म्हणून एक खानावळ डोळ्यासमोर आणा. तुमच्या हाताला चव आहे, घरात जागा आहे, तुम्ही खानावळ काढलीत. ती काढायचा तुम्हाला हक्क आहे. पण स्वच्छता पाहिजे, लायसन पाहिजे, शिळं वाढायचं नाही. हे ज्याने त्याने पाळायचंच. भाजी कुठली आणि थाळी केवढ्याला हे मात्र तुमचं तुम्ही ठरवणार. ही झाली विनाअनुदानित संस्था, म्हणजे जी सरकारकडून पगाराला वगैरे पैसे घेत नाही.

तुमच्याच शेजारच्याने शिवभोजन केंद्र घेतलं. सरकार थाळीमागे त्याला पैसे देतं, म्हणून थाळी दहा रुपयालाच, ताटात काय किती ते ठरलेलं. त्याने म्हणून चालणार नाही की खानावळ माझी, मी शंभर घेईन. ही झाली अनुदानित शाळा. मास्तरांचा पगार सरकार देतं, म्हणून किती शिक्षक ठेवायचे ते संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या पटावरून सरकार मंजूर करतं त्या शिक्षकसंख्येत, ठरतं, भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, फीवर बंधन, आणि कलम २९ (२) प्रमाणे केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही.

म्हणजे सरकारचं मीठ जेवढं खाल तेवढं त्याचं ऐकावं लागेल. मला विचाराल तर या विषयातल्या अर्ध्याहून जास्त केसेस या एका वाक्यात बसतात, उरलेल्या "पण किती ऐकायचं" यावर.

इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. संस्था काढायचा हक्क आहे, पण अनुदान मिळायचा मूलभूत हक्क नाही, आणि बोर्डाची किंवा विद्यापीठाची मान्यता पण आपोआप मिळायचा हक्क नाही, अटी पूर्ण करा आणि मगच मागा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या एका इंटर कॉलेजच्या केसमध्ये अनुदानाबद्दल हे परत स्पष्ट केलं. आपल्याकडे आझाद मैदानात पावसात बसलेले विनाअनुदानित शाळांचे शिक्षक आठवा. "कायम विनाअनुदानित", म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या शाळा, यातला 'कायम' शब्द सरकारने काढला, मग वीस टक्के, मग चाळीस टक्के असं तुकड्या-तुकड्याने अनुदान. ती मंडळी वर्षानुवर्षं आंदोलनच का करत बसली त्याचं निम्मं उत्तर यात आहे, अनुदान हा धोरणाचा भाग आहे, घटनेचा नाही.

साठ हजारांची सीट आणि पुढचा तेरा वर्षांचा गोंधळ

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच्या आधी आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. पुढे 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत रुळला, तो कौतुकाने कमी आणि टोमण्याने जास्त. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. कॅपिटेशन फी म्हणजे ठरलेल्या फीच्या वर सीटसाठी घेतलेले पैसे, आपण ज्याला सरळ डोनेशन म्हणतो.

मोठा भडका उडाला कर्नाटकातल्या केसवरून. मेरठची मोहिनी जैन नावाची विद्यार्थिनी, तुमकुरच्या खाजगी मेडिकल कॉलेजात ॲडमिशन घ्यायला गेली. तिथे सरकारी कोट्यातल्या सीटला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या बाकीच्या मुलांना २५,००० आणि बाहेरच्या राज्यातल्यांना ६०,००० असा दर सरकारच्याच नोटिफिकेशनने ठरलेला होता. साठ हजार, १९८९ चे. घरच्यांना झेपलं नाही, ती कोर्टात गेली, आणि १९९२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की शिक्षण हा जगण्याच्या हक्कातच येतो आणि कॅपिटेशन फी घेणं घटनेविरुद्ध आहे.

कॉलेजवाले हादरले, परत कोर्टात गेले. १९९३ ला उन्नीकृष्णन केसमध्ये कोर्टाने एक स्कीमच आखून दिली: प्रोफेशनल कॉलेजातल्या निम्म्या सीट 'फ्री', निम्म्या 'पेमेंट'. पेमेंटवाल्यांनी फ्रीवाल्यांचा भार उचलायचा. ऐकायला बरं वाटतं ना? प्रत्यक्षात झालं असं की ज्यांना चांगले मार्क पडले ती बरीचशी शहरातली, क्लास लावून आलेली, खात्यापित्या घरची पोरं फ्री सीटवर बसली, आणि गावाकडच्या पोराच्या बापाने जमीन गहाण टाकून पेमेंट सीट घेतली. गरिबाने श्रीमंताची फी भरायची असा उलटा कारभार. २००२ मध्ये त्या अकरा न्यायाधीशांनी ही स्कीम मोडीत काढली त्याच्यामागे हे पण एक कारण होतं.

२००२ च्या निकालाने संस्थांना काय काय दिलं? विद्यार्थी घेणं, वाजवी फी ठरवणं, मॅनेजमेंट नेमणं, स्टाफ नेमणं आणि तो चुकला तर कारवाई करणं. पण तो निकाल एवढा लांबलचक आणि इतक्या जणांनी लिहिलेला की त्याचा अर्थ लावायलाच २००३ मध्ये पाच न्यायाधीश बसले, आणि त्यांनी काय म्हटलं ते नीट करायला २००५ मध्ये सात बसले. ती सातवाली केस आपल्या राज्यातली, पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार. त्यात ठरलं की विनाअनुदानित प्रोफेशनल कॉलेजवर सरकारला आरक्षण किंवा कोटा लादता येणार नाही, एनआरआय सीट पंधरा टक्क्यांपर्यंत चालतील, आणि प्रवेश परीक्षा आणि फी दोन्ही पारदर्शक पाहिजे.

मग खाजगी कॉलेजात आरक्षण कसं काय आहे?

हा प्रश्न हमखास येतो. इनामदारचा निकाल ऑगस्ट २००५ चा, आणि जानेवारी २००६ मध्ये त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती लागू पण झाली. संसदेने कलम १५ (५) टाकलं: मागासवर्गीय, अनुसूचित जाती-जमाती यांच्या प्रवेशासाठी खाजगी संस्थेत पण, अनुदान असो नसो, सरकार कायदा करू शकतं. अपवाद फक्त अल्पसंख्याक संस्थांचा. महाराष्ट्राने २००६ मध्येच खाजगी प्रोफेशनल कॉलेजांसाठी तसा कायदा केला. विनाअनुदानितवाल्यांनी अर्थातच आव्हान दिलं, पण २०१४ मध्ये प्रमती केसमध्ये पाच न्यायाधीशांनी घटनादुरुस्ती योग्य ठरवली.

म्हणजे बघा, कोर्ट म्हणालं "तुमचा हक्क आहे", संसद म्हणाली "हो आहे पण एवढं सोडून". कलम १९ (६) तर पहिल्यापासून आहेच, लोकहितासाठी वाजवी निर्बंध घालायची सोय. काकांचं "त्यांची जागा, त्यांचा पैसा" इथेच गळून पडतं.

आणि ते पंचवीस टक्के

आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. त्यात खाजगी विनाअनुदानित शाळांनी पण सुरुवातीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, पैसे सरकार भरणार. शाळावाले म्हणाले हा आमच्या व्यवसायाच्या हक्कावर घाला आहे, मोफत शिक्षण ही सरकारची जबाबदारी, आमच्या गळ्यात का? २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने कायदा राखला.

इथे मी शाळांची पण बाजू सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. सरकारने भरायचे पैसे वर्षानुवर्षं थकतात अशी त्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही, आमच्या ऑफिसातून तसल्या नोटिसा मीच टाईप केल्यात. खानावळवाल्याला चारातलं एक ताट फुकट वाढ म्हणायचं आणि बिल दोन वर्षांनी द्यायचं, तर तो कुरकुरणारच.

पण त्यावर सरकारने २०२४ मध्ये जो उपाय काढला तो औषधापेक्षा आजार बरा असा होता. ९ फेब्रुवारीला नियम बदलला: खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेने पंचवीस टक्के द्यायची गरज नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही असं ठिकाण शोधून दाखवा! म्हणजे योजनाच गुंडाळली. पालक हायकोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घालायला नकार दिला. तोवर शाळा सुरू होऊन गेल्या होत्या आणि लॉटरीत नाव येईल म्हणून थांबलेली पोरं घरी. आमच्या कामवाल्या मावशींचा नातू त्यातलाच एक.

"अल्पसंख्याकांनाच जास्त हक्क का?"

आता वाफेचा विषय. कलम ३० (१): धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्याक असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. बहुसंख्याकांना पण संस्था काढता येतात, ते १९ आणि २६ मध्ये आहेच. मग ३० कशाला? तर विचार असा की बहुसंख्याकांची खानावळ कशी चालावी हे ठरवणारं सरकार साधारण त्यांच्याच मतांवर निवडून येतं, पण गावात चारच घरं असलेल्यांची चव सरकारी मेनूत पुसली जाऊ शकते, म्हणून त्यांच्या चुलीला वेगळं संरक्षण.

आणि अल्पसंख्याक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, तिथे गडबड होते. २००२ च्या निकालात ठरलं की अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार बघायचं. म्हणजे मुंबईत सिंधी, गुजराती, हिंदी भाषिकांची कॉलेजं अल्पसंख्याक आहेत, अकरावीच्या ॲडमिशनला तो कोटा तुम्ही बघितला असेल. आणि तुम्ही-आम्ही मराठी माणसं? महाराष्ट्रात नाही, पण बेळगावात मराठी शाळा काढली की भाषिक अल्पसंख्याक आपणच. पंजाबात आर्य समाजाची डीएव्ही कॉलेजं १९७१ मध्ये अल्पसंख्याक ठरली होती. जैन समाजाला देशपातळीवर हा दर्जा जानेवारी २०१४ मध्ये मिळाला. आणि एक गंमत, रामकृष्ण मिशनने बंगालमध्ये आपला धर्म हिंदूंहून वेगळा आहे असं कोर्टात मांडलं होतं, कलकत्ता हायकोर्टाने ते मानलं पण, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं. संस्थेवर ताबा राहावा म्हणून माणसं कुठपर्यंत जातात त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण याचा अर्थ अल्पसंख्याक संस्थेला रान मोकळं असा नाही. १९५८ मध्येच केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की चालवायच्या हक्कात वाईट चालवायचा हक्क येत नाही. महाराष्ट्रात मराठी सक्तीची केली तेव्हा गुजराती भाषिक शाळा कोर्टात गेल्या, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सक्ती योग्य ठरवली, कारण राज्याची भाषा शिकवल्याने तुमची भाषा जात नाही. २०२० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या केसमध्ये ठरलं की 'नीट', म्हणजे मेडिकलची देशभरची प्रवेश परीक्षा, अल्पसंख्याक कॉलेजांना पण लागू. उलट बाजूने, जून २०२५ मध्ये आपल्या सरकारने अकरावीला अल्पसंख्याक कॉलेजांतल्या जागांवर सामाजिक आरक्षण लावायचा प्रयत्न केला त्याला मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, कारण १५ (५) मध्ये अपवाद सरळ लिहिलेला आहे.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना आख्ख्या आरटीईतूनच वगळलं, अनुदान घेणाऱ्यांना सुद्धा. पंचवीस टक्क्यांतून वगळणं समजू शकते. पण आरटीईत फक्त पंचवीस टक्के नाहीत, शिक्षक किती शिकलेला पाहिजे, वर्गात मुलं किती, छडी मारायची नाही, हे पण आहे. उर्दू शाळेतल्या पोराला शिकलेला मास्तर मिळाला तर त्या समाजाची ओळख पुसते का? हाच प्रश्न १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने विचारला. केस महाराष्ट्रातलीच, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टची, आणि पेपरात ती गाजली टीईटीमुळे. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नोकरीत असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांपैकी ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरलीय त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायची, नाहीतर घरी. शिक्षकांच्या घराघरांत त्यावरून झोप उडाली, पण त्याच निकालात दोन न्यायाधीशांनी प्रमतीवर शंका घेऊन तो विषय मोठ्या खंडपीठाकडे न्यावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला, ती बातमी कोपऱ्यात गेली. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू की नाही हे त्याच्यावर ठरेल.

बरं, मग फीवाढीचं काय?

ताईंचं "सरकारने ताब्यात घ्या" होणार नाही, कारण व्यवसायाचा हक्क मधे उभा आहे. पण काकांचं "गप्प बसा" पण कायद्यात नाही. इंजिनीअरिंग-मेडिकलसाठी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे, कॉलेजने हिशेब दाखवायचा आणि प्राधिकरणाने फी ठरवायची. मध्य प्रदेशातल्या तशाच व्यवस्थेला सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मॉडर्न डेंटल केसमध्ये मान्यता दिली.

शाळांसाठी २०११ चा फी नियमन कायदा. त्यात मॅनेजमेंटने फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा, हिशेबासकट. समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक, तो चिठ्ठी टाकून निवडायचा. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. समितीने मान्य केलेली आणि मॅनेजमेंटने मागितलेली फी यात पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मॅनेजमेंटला विभागीय समितीकडे जाता येतं. पालकांना जायचं असेल तर आता पंचवीस टक्के पालक एकत्र यावे लागतात, ही अट माझ्या मते मुद्दामच जड ठेवलीय, पण आहे ती आहे.

आणि नफेखोरी नको म्हटलं तरी पळवाटा असतात हे मान्य करायला हवं. शाळा ट्रस्टची, पण जमीन ट्रस्टींच्याच नातेवाइकाची आणि तिचं भाडं बाजाराच्या दुप्पट, गणवेश एकाच दुकानातून, वह्यांवर शाळेचा शिक्का. कागदावर शाळा तोट्यात. हे सगळं पकडायचं तर ते हिशेब कुणीतरी बसून वाचले पाहिजेत, आणि कायद्याने ते वाचायचा अधिकार चिठ्ठीत नाव आलेल्या पालकाला आहे.

मागच्या जूनमध्ये मुलीच्या शाळेत त्या चिठ्ठ्या काढल्या. तिच्या इयत्तेचा ग्रुप एकशे साठ जणांचा, फीवाढीच्या रात्री दोनशेच्या वर मेसेज पडले होते. डब्यात नावं टाकली होती तिघांनी. त्यातली एक माझी, आणि निघाली दुसऱ्याची.